मोबाइलवरचा कौल

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या घोडपदेवच्या चाळीत तुझी लेकरां आपापले मोबाइल घेवन तुझ्या पायाकडे जमली असत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाक नोकरी नाय, कोणाक पेन्शन नाय, कोणाच्या पोराक मुलाखतीत पास करणत नाय. त्या सगळ्यांका घरबसल्या ऑनलाइन कमाईची वाट दाखय, आणि चोवीस तास फुल रेंज दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

चाळीच्या पटांगणात दीडएकशे माणसं हात जोडून उभी होती आणि त्यांच्यासमोर पाटावर, नारळाच्या शेजारी, एक मोबाइल ठेवला होता. त्याला हळदकुंकू लावलेलं. गाऱ्हाणं घालणारा इसम म्हणजे विनीत सर. वय तिशीच्या आसपास, खाली पांढरं धोतर, वर निळा कोट, कपाळावर गंध आणि कानात ते बिनवायरीचं इअरफोनचं बोंड. गाऱ्हाणं संपलं तसा पाटावरचा मोबाइल टुणकन वाजला आणि त्याच क्षणी पटांगणातले सगळे मोबाइल एकापाठोपाठ एक वाजायला लागले. बायांनी पदर डोळ्यांना लावले. एकाच वेळी शंभर जणांना मेसेज पाठवता येतो हे ज्यांना रोजच्या 'सुप्रभात'च्या मेसेजांमुळे ठाऊक आहे, तीच ही माणसं. पण नारळ शेजारी असला की आमच्या लोकांचं डोकं सुट्टीवर जातं.

मी कमल सावंत. पालिकेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. चाळीत मला सगळे 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'नास्तिक म्हातारी' म्हणतात. दोन्ही खरं आहे, त्यामुळे मी कशालाच हरकत घेत नाही. मी गॅलरीत उभी राहून हा तमाशा बघत होते आणि माझं डोकं तापत होतं.

आता कौल म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या कोकणात देवाच्या पाषाणाला पाकळ्या नाहीतर पानं ओली करून चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पाणी सुकलं की पाकळी पडते, आणि कुठली तरी आधी पडणारच, हे मी लहानपणी गुरवाला सांगितलं तेव्हा वडिलांनी माझ्या कानाखाली आवाज काढला होता. गिरणगावात आलेल्या आमच्या माणसांनी संप बघितले, गिरण्या जाताना बघितल्या, पण कौल सोडला नाही. लग्न, घर, ऑपरेशन, सगळं गावच्या देवाला विचारून. विनीत सरांनी नेमकं हेच हेरलं.

"गावचो गुरव आता रिटायर झालो," सर माइकवर सांगत होते. "देव आता क्लाउडवर असा. तुम्ही नुसतो तुमचो नंबर द्यायचो. रोज सकाळी देव तुमका कौल पाठवतलो. उजवो इलो तर आज सोन्याचो भाव चढतलो. डावो इलो तर उतरतलो. संध्याकाळी बातम्यांत बघा. एक पैसो घेणंय नाय!"

"फुकट?" कुणीतरी विचारलं.

"देवाचा काम फुकटच आसता. अट एकच. आपलो कौल दुसऱ्याक सांगूचो नाय. घरच्यांक सोडून कोणाक म्हणजे कोणाक नाय. सांगलास काय कौल मोडलो!"

पैसे घेत नाही म्हटल्यावर लोकांना तो संतच वाटला. घोडपदेवच नव्हे, लालबाग, करी रोड, पार शीव कोळीवाड्यापर्यंत त्याने असे नंबर गोळा केले होते. माझा नंबर मी दिला नव्हता. तो दिला शेजारच्या दत्तारामने, माझं कल्याण व्हावं म्हणून.

दत्ताराम परब आणि मी भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलं. गिरणी बंद पडल्यावर त्याने वॉचमनगिरी केली, दुसऱ्यांच्या इमारतींच्या दारात रात्री काढल्या आणि एक मुलगी शिकवली. त्याची बायको सुभद्रा संधिवाताने जखडलेली. खोलीतल्या खाटेवरून मोरीपर्यंत आणि मोरीपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत, एवढंच तिचं जग. पागडीची ती एक खोली सोडली तर परबांकडे काहीही नव्हतं. मुलगी अनुजा घरूनच काम करायची. व्हिडिओखाली मराठी वाक्यं येतात ना, ती लिहिण्याचं. कंपनीने आधी तिची परीक्षा घेतली, मग लेखी करार केला, काम केल्यावर महिन्याने खात्यात पैसे. थोडे, पण न चुकता. दत्तारामला ते काम वाटतच नसे.

"दिवसभर कानात खुंट्ये घालून टायपिंग करता," तो म्हणायचा. "ह्येका काय ऑनलाइन कमाई म्हणतत? मान मोडान घेतलीन नुसती."

पहिल्या सकाळी माझ्या फोनवर कौल आला. उजवा. शेजारी डमरू, त्रिशूळ आणि एक नाचणारं नाणं. संध्याकाळी सोनं उतरलं. दुसऱ्या दिवशी सरांचा मेसेज: 'देवाचा शब्द खोटा नसतो. ज्या घरात तो जातो ते घर खोटं असतं. आपल्या घरात अडथळा आहे. जय म्हाराजा.' आणि पुढे सगळं बंद. माझ्या घरात मी, एक पाण्याचा फिल्टर आणि पुस्तकं. अडथळा म्हणजे मीच असणार. मी हसले आणि विसरून गेले.

पण ज्यांच्या घरात सून होती तिथे कुणी हसलं नाही.

खालच्या मजल्यावर अजित राहतो. त्याची बायको रश्मी, मुलगी नूपुर, आणि आई. अजितचे पहिले दोन कौल बरोबर आले, तिसरा चुकला आणि त्यालाही तोच मेसेज. घर खोटं! आता घरातलं खोटं कोण, हे ठरवायला सासूला किती वेळ लागतो? रश्मीला देवघराला हात लावायला बंदी झाली. नंतर स्वयंपाकालाही. सासू गॅलरीत उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी म्हणायची, "पांढऱ्या पायाची आमच्याच नशिबी होती!" आणि अजित, दिवसभर ऑफिसात संगणकावर बसणारा अजित, मान खाली घालून चहा प्यायचा.

एके दुपारी रश्मी कठड्याशी रडताना दिसली. मी तिला घरात ओढलं.

"काय झालं ते नीट सांग."

"सांगायचं नसतं बाई. मोडतो."

"अगं, तुझा मोडलाय ना आधीच? आता काय राहिलंय मोडायचं?"

हे मात्र तिला पटलं. तिने नवऱ्याला आलेला पहिल्या दिवशीचा कौल सांगितला. डावा. सोनं उतरणार.

मी माझा फोन काढला. त्याच दिवशी, त्याच सकाळी, मला उजवा. सोनं चढणार. देव एक, दिवस एक, सोनं एक, आणि निरोप दोन! इतकी वर्षं पोरांना गणित शिकवलेलं माझं डोकं, पण मलाही हे आधी सुचलं नव्हतं. नालायकाने केवढा सोपा सापळा लावला होता.

तशीच उठून मी दत्तारामकडे गेले. तो दाढी करून, नवा शर्ट घालून बसला होता. सुभद्रा खाटेवर झोपलेली. त्याने मला खुणेने गॅलरीत नेलं.

"बाई, माका सगळे बरोबर लागले," तो कुजबुजला. त्याचे डोळे चमकत होते. "एक पण चुकाक नाय. सरांनी माका निवडल्यानी. रविवारी पटांगणात महाकौल. निवडलेली माणसा पैसे टाकतली आणि देव सोन्यात लावन दामदुप्पट करतलो. मी खोली इकतंय."

"काय?"

"घरमालकाचो माणूस घेवक तयार असा. सुभद्राक सांगू नका. म्हयन्याभरात लिफ्टवाल्या इमारतीत घेवन जातंय तिका."

मी त्याला सगळं उलगडून सांगितलं. निम्म्यांना उजवा पाठवायचा, निम्म्यांना डावा. ज्यांचा चुकला त्यांना घरात दोष सांगून हाकलायचं. उरलेल्यांचे पुन्हा निम्मे-निम्मे. शेवटी जे मूठभर राहतात त्यांना वाटतं, देव आपल्याशीच बोलतोय. ज्याला सोन्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही हे जमतं. दत्तारामने ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"तुमका उजवो इलो आणि चुकलो, म्हणान तुमच्या पोटात दुखता."

"अरे गाढवा, गावच्या देवळात कौल कसा लागतो? चार माणसांच्या समोर ना? सगळा गाव डोळे फाडून बघत असतो. मग ह्याचाच कौल असा चोरून का?"

"ता गावचा. ह्या डिजिटल."

अनुजानेही त्याला खूप समजावलं. पाया पडली. "बाबा, जो काम देतो तो पैसे देतो. जो आधी पैसे मागतो तो कसलं काम देणार?" शेवटी त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की रविवारच्या महाकौलापर्यंत एका कागदावरही सही करणार नाही. आम्हा दोघींना वाटलं, रविवारी भर पटांगणात ह्या सराची चड्डी उतरवली की खोली वाचली.

रविवारी पटांगण नुसतं फुललं होतं. पुढच्या रांगेत निवडलेले, त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. दत्तारामची मान आज ताठ होती. सुभद्रेला चौघांनी खुर्चीसकट खाली आणून बसवलं होतं. नवऱ्याचा सत्कार आहे, एवढंच तिला माहीत. सर माइक हातात घेणार तोच मी पुढे जाऊन उभी राहिले.

"सर, महाकौलाच्या आधी एक छोटा कौल माझ्या हातून होऊ द्या. फुकट आहे. फुकट म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणणार नाही."

लोक हसले. सरही हसला, दुसरं करणार काय? मी त्याच्या हातात एक रुपयाचं नाणं ठेवलं.

"तुमचा हात सिद्ध आहे, तुम्हीच उडवा. मंडळी, सगळे उभे राहा. छापा पडेल वाटतं त्यांनी उजवा हात वर करा, काटा वाटतो त्यांनी डावा. चुकला तो खाली बसेल. शेवटी उरेल तो देवाचा लाडका."

आमच्या लोकांना खेळ आवडतो. सगळे उभे राहिले. सराने नाणं उडवलं आणि निम्मं पटांगण खाली बसलं. पुन्हा उडवलं, उरलेल्यांतले निम्मे बसले. तिसऱ्यांदा झेंडूवाले बरेचसे गळाले. दत्तारामही बसला, जरा चिडूनच. हळूहळू दोघं उरली. एक लालबागचा कुणी पैलवान, आणि दुसरी नूपुर. वय वर्षं पाच. तिच्या हातात पेप्सीकोला होता, तो प्लास्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ. एका हाताला गार लागलं की ती तो दुसऱ्या हातात घ्यायची आणि मोकळा हात वर करायची. तेवढाच तिचा अभ्यास.

सराने नाणं उडवलं. पैलवान बसला.

"या, देवीजी!" मी नूपुरला उचलून पाटावर उभं केलं. "मंडळी, ह्या बाईंचा एकही कौल चुकला नाही. नाणं साक्षात सरांनी उडवलंय. काढा आता खोल्यांचे कागद आणि ठेवा हिच्या पायाशी! का गं, कुठला मंत्र म्हटलास?"

"कालाखट्टा," नूपुर म्हणाली.

हशा पिकला आणि हळूहळू विरला. कारण हसता हसता काही जणांना समजायला लागलं होतं.

"हा पोरखेळ आहे!" सर ओरडला. त्याची मालवणी एकदम कुठे पळाली कोण जाणे. "श्रद्धेची चेष्टा करताय तुम्ही!"

"बरं, मग श्रद्धेनेच विचारते. पहिल्या दिवशी कुणाला काय कौल आला होता? बोला."

कुणी तोंड उघडेना. इतकी माणसं, इतके मोबाइल, आणि शेजाऱ्याला एक शब्द सांगायची हिंमत नाही. मग मागून आवाज आला.

"डावा," रश्मी म्हणाली. सासूने तिचा हात धरला, तो तिने झटकून टाकला. "आमच्या घरी पहिल्या दिवशी डावा आला होता. आणि बाईंना उजवा. मोडू दे काय मोडायचं ते!"

"आमका पण डावो," एक म्हातारा चाचरत म्हणाला.

"आम्हाला उजवा होता."

"अरे, आमचा पण उजवा! चुकला म्हणून मी माझ्या भावाला घराबाहेर काढला रे!"

मग धरणच फुटलं. उजवा, डावा, डावा, उजवा. जो तो शेजाऱ्याला विचारत होता आणि डोकं धरत होता. कुणी मोलकरीण काढलेली, कुणी आईला गावी पाठवलेलं, कुणी पोटुशा सुनेला उपास घडवलेले. सगळ्यांचं घर खोटं ठरवून हा बदमाश मोकळा झाला होता.

सर मागच्या दाराकडे सरकायला लागला तसा अजित त्याच्यावर धावला. बायकोसाठी ज्याचं तोंड उघडलं नाही, त्याचा हात मात्र चटकन उठला. आणखी दहा जण तुटून पडले. "तोंड फोडू नका रे," मी ओरडले, "तोंड फोडलंत तर पोलिसांपुढे बोलणार कसा?" दयेने नव्हे, हिशेबाने ओरडले.

"मी नुसता बोलायला असतो!" नाकातलं रक्त पुसत सर रडायला लागला. "गाऱ्हाणं मी यूट्यूबवर बघून पाठ केलं. मेसेज, पैसे सगळं वरून होतं. मी पण कमिशनवर आहे हो! मला पण ऑनलाइनच मिळालं हे काम!"

मी दत्तारामकडे वळले. म्हटलं, वाचला. दत्ताराम खाली बसला होता आणि गळ्यातली माळ कुरतडत होता.

"ऊठ. कागद घरी आहेत ना?"

अनुजा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा? शपथ घेतली होती ना?"

"काल," दत्ताराम म्हणाला. "सरांचो फोन इलो. आदल्या दिवशी टाकतलो तेका तिप्पट. मी काल सही केलंय. सगळे पैसे कालच टाकलंय."

पैसे कुठल्या खात्यात गेले ते बघायला अनुजाने त्याच्या खिशातल्या मोबाइलला हात घातला. अशा फसवणुकीची तक्रार सरकारच्या १९३० ह्या फोन नंबरवर ताबडतोब केली तर कधीकधी पैसे वाटेत अडवता येतात, हे तिला माहीत होतं. आणि आता ऐका. हा माणूस, ज्याच्या डोळ्यांदेखत पाच वर्षांची पोर देव ठरली होती, त्याने तो मोबाइल छातीशी धरला.

"हात लाव नको! कौल मोडात!"

दोघांनी धरून त्याच्या हातातून तो काढला तेव्हा संध्याकाळ झाली होती. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पुढच्या असे कधीच निघून गेले होते. तक्रार नोंदवली आहे. तपास चालू आहे.

सुभद्रेला सगळं त्या खुर्चीवरच कळलं, दीडशे माणसांसमोर. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मगे आता माका वर नेतलास की नाय? की हयच बसू?" चौघांनी तिला वर नेलं, पण ते आता तिचं घर नव्हतं. चाळीची माणसं तिच्याकडे न बघता आपापल्या घरी गेली. रश्मीच्या सासूने जिना चढता चढता सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तरी हिच्या पायगुणात काहीतरी आहेच हो." तिचं काय करणार? नाणं उडवून ते बरं होत नाही.

महिनाअखेरीला टेम्पो आला. परब मंडळी विरारच्याही पलीकडे भाड्याच्या खोलीत निघाली. भाडं अनुजा भरते, त्याच 'कानात खुंट्ये घालून' केलेल्या कामातून. आता दिवसाचं पुरत नाही म्हणून ती रात्रीचंही घेते. सुभद्रेला खुर्चीसकट टेम्पोत चढवली, तेव्हा तिने चाळीकडे एकदाही वळून बघितलं नाही.

दत्ताराम माझा निरोप घ्यायला आला. खांदे पार पडलेले. मला राग होता त्याच्यावर, अजून आहे. तरी मी त्याचा हात हातात घेतला.

"बाई," तो म्हणाला, "सगळा तुमचा बरोबर. पण माझे सगळे कसे लागले? इतक्या माणसांत माझेच कित्याक?"

"कुणाचे तरी लागणारच होते, दत्ताराम. तुझ्याऐवजी नाक्यावरच्या मनू वाण्याचे लागले असते. कुणीही चाललं असतं त्या भामट्यांना."

हे मी बोलायला नको होतं असं तुम्हाला वाटेल. मला नाही वाटत. पण त्याचा चेहरा मी बघितला. खोली गेली तेव्हा तो इतका खचला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलेला माणूस, एकदाच कुणीतरी त्याला निवडलं होतं, आणि तेही मी काढून घेतलं.

"नाय बाई," तो हात सोडवत म्हणाला. "माका लागलेले. माझे सगळे बरोबर लागलेले." आणि टेम्पोत पुढे जाऊन बसला.

तेव्हा आता तुम्हाला सांगते, कारण त्याला सांगून झालं. ऑनलाइन कमाई खोटी नसते. अनुजाची आहे ना. पण ती कष्टाचीच असते, आणि तिथे पैसा तुमच्याकडे येतो, तुमच्याकडून जात नाही. कोण पैसे देतोय आणि कशाबद्दल, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तिथून उठा. आणि कुणी म्हणालं की ही गोष्ट शेजाऱ्याला सांगू नकोस, तर त्याच पावली जाऊन शेजाऱ्याचं दार वाजवा. आमच्या चाळीत भिंती इतक्या पातळ आहेत की पलीकडचा खोकला ऐकू येतो. कुणीतरी नुसतं विचारायचं होतं, तुला आज काय आला रे?

माझ्या पलीकडची खोली सध्या बंद असते. नव्या मालकाने कुलूप बदललं आहे.